वेळेचाही हिशेब मांडायला हवा

महोदय,

राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाल्यापासून प्रगतीची बहुतेक चर्चा याच आकड्याभोवती फिरते. उत्पन्न वाढलेच पाहिजे, त्याविना शाळा आणि दवाखाने उभे राहणार नाहीत, याविषयी दुमत नाही. परंतु सकल उत्पादन हेच एकमेव माप मानले, की त्यात न मावणारे श्रम धोरणातूनही निसटतात.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाची पायाभरणी करणारे सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात बजावले होते, की राष्ट्राचे कल्याण केवळ उत्पन्नावरून जोखता येत नाही; गृहिणींच्या सेवा या हिशेबाबाहेर राहतात, हेही त्यांनी नोंदवले होते. आजही खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईचे काम उत्पादनात धरले जाते आणि तिनेच घरी लाटलेल्या पोळ्या धरल्या जात नाहीत.

अशा घरकामात जाणारा वेळ मोजता येत नाही, ही सबब आता उरलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रियांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटे त्यात जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची 88. शिवाय मुळात असे काम करणारे पुरुषच फार थोडे आहेत. भूतानने सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकाच्या 9 क्षेत्रांत वेळेच्या वापराला स्वतंत्र स्थान दिले आहे. आपल्याकडे मात्र आकडे हाती असूनही ते अर्थसंकल्पाच्या चर्चेत क्वचितच येतात.

याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. रुग्णालयाने रुग्णाला लवकर घरी पाठवले तर कागदोपत्री खर्च वाचतो, पण पुढची शुश्रूषा घरातली सून किंवा मुलगी करते आणि त्यासाठी तिची मजुरी बुडते. गावची नळयोजना बंद पडून टँकर सुरू झाला, तर टँकरवर झालेला खर्च उत्पादनात भर घालतो. हंडे घेऊन त्याची वाट पाहण्यात गेलेली सकाळ मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही.

या श्रमांची रुपयांत किंमत लावून ती सकल उत्पादनात मिळवावी, असे माझे म्हणणे नाही. त्याने आकडा फुगेल, पण कोणाही बाईचे एक मिनिट मोकळे होणार नाही. राज्याने 2002 आणि 2012 चे मानव विकास अहवाल प्रसिद्ध केले, ही चांगली परंपरा आहे. तिला धरून दरवर्षीच्या आर्थिक पाहणीत वेळ-वापरावर स्वतंत्र प्रकरण असावे, जिल्हानिहाय चित्र कळेल इतका मोठा नमुना राज्याने स्वखर्चाने घ्यावा, आणि नळयोजना, पाळणाघरे व आरोग्य उपकेंद्रे यांवरील तरतुदी मांडताना त्यांमुळे स्त्रियांचे किती तास वाचले, हे विधिमंडळासमोर ठेवावे.

– एक वाचक, सोलापूर