टेपचे दुसरे टोक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहतूक पोलीस म्हटले की आपल्याला आधी चलन आठवते. मलाही तेच आठवायचे. बाजारात दहा मिनिटे लावलेल्या स्कूटरचा फोटो मोबाइलवर येऊन पडला, त्या दिवशी मीही घरात बसून चार शब्द ऐकवले होते. पण गेल्या एप्रिलातल्या एका रात्रीनंतर बोलणे जरा बदलले आहे, म्हणून हे पत्र.

हातखंब्याच्या अलीकडे मुंबई-गोवा महामार्गाला लागून माझे किराणा दुकान आहे, मागेच घर. या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले. आमच्याकडे अजून कुठे नवी मार्गिका, कुठे जुनी, आणि मध्ये वळवलेला रस्ता, असा कारभार आहे. रोज जाणाऱ्याला तो पाठ असतो. रात्री आंबा घेऊन वाशीला निघालेल्या पिकअपवाल्याला तो पाठ असेलच असे नाही. तो सरळ गेला आणि ड्रम उडवत खडीच्या ढिगावर चढला.

आवाज ऐकून आम्ही धावलो तेव्हा रस्ताभर पेंढा आणि हापूस. ड्रायव्हरचा पाय अडकलेला. दोघे-तिघे त्याला ओढायला पुढे सरसावले, तेवढ्यात पेट्रोल पंपावरचा पोरगा ओरडला, "ओढू नका, आधी मान धरा." महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये 'मृत्युंजय दूत' योजना सुरू केली, त्यात ढाबे, पंप, टपऱ्यांवरच्या माणसांना प्रथमोपचार शिकवले जातात. हा त्यातलाच. १०८ येईपर्यंत त्याने कुणाला हात लावू दिला नाही. (आंबे कुणी उचलले नाहीत, हेही लिहून ठेवतो. आमच्याबद्दल उलटेच बोलले जाते.)

पोलीस आले. एकाने लाल बॅटरी घेऊन वाहतूक एका अंगाने सोडायला घेतली. दुसरा, माझ्या मुलाच्या वयाचा शिपाई, टेप काढून म्हणाला, "काका, जरा हे टोक धरा." टायरच्या खुणांपासून ड्रमपर्यंत, ड्रमपासून खडीपर्यंत, सगळे मोजून तो मोबाइलवर भरत होता. फोटो, ठिकाण, उजेड होता की नाही, फलक होता की नाही. शेवटी त्याने 'वळण रस्ता'चा फलक वळणापासून किती लांब आहे ते मोजले. १८ मीटर.

"साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, काका," तो म्हणाला. म्हणजे फलक वाचून स्टीअरिंग फिरवायला ड्रायव्हरला एक सेकंद. बारा वर्षे त्या रस्त्याशेजारी राहून हा हिशेब मला कधी सुचला नव्हता.

आता माझी तक्रार. हे माप पुढे जाते कुठे? अपघाताची नोंद आता पोलीस ई-डार नावाच्या प्रणालीत जागेवरच भरतात, ते चांगलेच आहे. पण फलक हलवणे पोलिसांच्या हातात नाही, ते रस्ता बांधणाऱ्यांचे काम. आणि राष्ट्रीय महामार्गावर एखादा तुकडा अधिकृत 'ब्लॅक स्पॉट' ठरायला सुमारे ५०० मीटरमध्ये तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात व्हावे लागतात, नाहीतर १० मृत्यू. आमच्या वळणाने अजून तेवढा कोटा भरलेला नाही. मे संपला, पाऊस आला, गवत फलकाच्या कमरेपर्यंत वाढले. फलक तिथेच, १८ मीटरवर.

मग गणपती आले! आठ दिवस आधी पोलीस अधिकारी ठेकेदाराच्या माणसांना सोबत घेऊन फिरले. फलक मागे गेला, ड्रमांना रेडियम लागले, पिवळा ब्लिंकर लुकलुकू लागला. अवजड वाहने बंद, जागोजागी चौकी, रात्रभर जागे पोलीस. त्या दिवसांत चाकरमान्यांची एवढी गर्दी असूनही आमच्या वळणावर काही झाले नाही. विसर्जनानंतर पंधरवड्यात ब्लिंकर विझला, तो विझलाच.

माझ्या दोन मागण्या आहेत. आंब्याचा हंगाम, मार्च ते मे, गणपतीसारखाच धरा. तेव्हाचे ड्रायव्हर दिवसा बागेत पेट्या भरून रात्री गाडी हाकतात, डोळ्यावर झोप घेऊन. आणि दुसरे, प्रत्येक अपघातात पोलिसांना रस्त्याचा जो दोष दिसला तो, कुणाला कोणत्या तारखेला कळवला आणि त्याचे काय झाले, एवढे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. नावे-गावे नकोत. तारखा पुरेत. मग पाठपुरावा आम्ही करू, पोलिसांनी किती ठिकाणी पुरे पडावे?

आमचीही लाज सांगतो. पुढच्या कटपर्यंत जायचा कंटाळा म्हणून गावातलेच लोक उलट्या बाजूने गाड्या घालतात, आणि गुरे रात्री डांबरावर बसतात ती काही पोलिसांची नाहीत.

फलक सध्या वळणापासून बराच मागे आहे. किती, ते मोजायचे राहिले आहे. टेप दुकानात आहे, दुसरे टोक धरायला कुणी मिळाले की मोजतो.

आपला,
एक किराणा दुकानदार,
हातखंबा परिसर, जि. रत्नागिरी