भाड्याच्या लिमोझिनचे कागद आधी दिसू द्या : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात घरातल्या लग्नासाठी मी एक लांब लिमोझिन भाड्याने ठरवत होतो. कंपनीकडे परमिट, फिटनेस आणि विम्याच्या प्रती मागितल्या. दोन दिवसांनी एक फोटो आला. त्यावरचा क्रमांक आम्हाला दाखवलेल्या गाडीचा नव्हता. विचारलं, तर म्हणाले, "साहेब, त्या दिवशी जी मोकळी असेल ती गाडी येईल. आजवर असं कुणी विचारलं नाही." मी आगाऊ रक्कम दिली नाही. पण न विचारता भरली असती, तर मला अडवणारं कुणीच नव्हतं.

हे लिहिण्याचं धाडस मला स्कोहारीच्या अपघातामुळे झालं. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात या गावाजवळ एक लांबवलेली लिमोझिन उतारावरून भरधाव खाली आली, चौकात न थांबता समोरच्या आवारात घुसली आणि २० माणसं गेली. १७ प्रवासी, चालक आणि तिथे उभे असलेले दोघे. प्रवासी वाढदिवसाला निघाले होते. दारू पिऊन कुणी गाडी चालवू नये म्हणून त्यांनी मुद्दाम चालकासह गाडी घेतली होती. जबाबदारीने वागलेली माणसं होती ती! महिनाभर आधीच ही गाडी तपासणीत नापास झाली होती, रस्त्यावर आणू नका असा आदेश होता. काचेवरचा तसा स्टिकर काढून टाकला गेला. चालकाकडे एवढे प्रवासी नेण्याचा परवानाही नव्हता. तपास यंत्रणेने ब्रेकच्या देखभालीतली हयगय हे कारण दिलं आणि राज्याच्या देखरेखीतल्या उणिवांवरही बोट ठेवलं. म्हणजे सरकारच्या दप्तरी सगळं होतं. गाडीत बसणाऱ्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

लांब लिमोझिन बहुतेक वेळा कारखान्यातून तशी येत नाही. साधी गाडी मधोमध कापून, चासी जोडून ती लांबवतात. वजन वाढतं, माणसं वाढतात, पण ब्रेक आणि टायर त्या बेताने बदलले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. आत कडेला आडव्या सीटा असतात. त्यांचे बेल्ट गादीखाली दबलेले, नाहीतर मुळीच नसतात. मधल्या भागाला अनेकदा दारच नसतं. मे २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात एका पुलावर अशा गाडीला आग लागली आणि नवविवाहितेसह पाच जणी आतच अडकून मरण पावल्या. आठ प्रवाशांची परवानगी असलेल्या गाडीत नऊ जणी होत्या. त्यानंतर त्या राज्याने अशा गाड्यांना आपत्कालीन मार्गांची सक्ती केली.

ग्राहकाने सावध राहावं, असं सगळेच सांगतात. मीही सांगेन, कागद मागा, क्रमांक जुळवा, बेल्ट ओढून बघा. पण ब्रेक ओढून बघता येत नाही. शिवाय कंपनी जो कागद दाखवते, तो खरा की जुना, हे ग्राहकाने कशावरून ओळखायचं? फोटोवरची तारीख बदलायला किती वेळ लागतो?

म्हणून माझी विनंती एकच आहे. गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणी आणि विमा दिसण्याची सोय असेलही, पण तेवढ्याने भागत नाही. शेवटची तपासणी कधी झाली, निकाल काय लागला, गाडी सध्या रस्त्यावर आणायला मनाई आहे का, किती प्रवाशांची परवानगी आहे, मूळ गाडी लांबवलेली आहे का आणि त्या बदलाला मंजुरी आहे का, हे सारं त्याच ठिकाणी दिसलं पाहिजे. आणि पैसे घेण्याआधी नेमका क्रमांक कळवण्याचं बंधन कंपनीवर असावं. ऐनवेळी गाडी बदलली, तर नवा क्रमांक कळवावा आणि पसंत नसेल तर पूर्ण पैसे परत मिळावेत. बिघाड होतातच, गाडी बदलावी लागते, हे मला मान्य आहे. लपवून बदलणं मान्य नाही.

खात्यात माणसं कमी आहेत, प्रत्येक गाडीमागे निरीक्षक उभा करता येत नाही, हेही कळतं. पण तपासणीचा निकाल तर निरीक्षकाने लिहिलेलाच असतो. तो फक्त आम्हाला वाचू द्यायचा आहे. नापास गाडीचा शेरा त्याच संध्याकाळी लोकांना दिसला, तर काचेवरचा स्टिकर कुणी फाडून टाकला तरी फरक पडणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक प्रवासी