हिरव्या स्वेटराविषयी

औसा, 12 डिसेंबर

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, की तो हिरवा स्वेटर कुणाला तरी देऊन टाक, जर्मनीत लाइप्झिगला चांगली जॅकेटे मिळतात. मी त्यावर काही बोलले नाही, कारण तेवढ्यात तुला खोकल्याची उबळ आली आणि माझे सगळे लक्ष तिकडे गेले. खोकल्याविषयी लिहायचे नाही असे ठरवूनच बसले आहे, स्वेटराविषयी लिहिते.

तो तुझ्या आजींनी 1993 च्या हिवाळ्यात विणला. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजलेले असताना, भूकंपात सास्तूरचे घर बसले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाच्या मातीच्या छताचा भार. दारालगतच्या ढाळजेत निजलेल्या आबा-आजोबांचे तुला ठाऊकच आहे. ती थंडी सगळ्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढली, आणि पत्रा रात्री किती गारठतो हे त्यात राहिल्याशिवाय कळत नाही. मदतीच्या ट्रकांतून वापरलेले लोकरीचे कपडे पुष्कळ येत, पण कुणाच्या अंगाला कुठला नीट बसेल तर शपथ. आजी हाती आलेला स्वेटर उलटा करून आधी आतली शिवण पाहत. कापड कापून शिवलेले असेल तर उसवताना लोकरीचे तुकडेच हाती येतात. कडा विणूनच घातलेल्या असतील तर अखंड धागा निघतो. असे दोन मिळाले, एक गडद हिरवा आणि एक विटकरी. त्यांच्या लडी करून आजींनी त्या कोमट पाण्यातून काढल्या आणि खाली दगड बांधून दोरीवर टांगल्या, म्हणजे धाग्याला पडलेल्या वळ्या जातात. सुया ढिगाऱ्यात गेल्या होत्या, म्हणून धाकट्या काकांनी मोडक्या सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून दिल्या. तार चौदा नंबरच्या सुईएवढी बारीक आणि आजींचा हात मुळातच घट्ट, त्यामुळे वीण अशी दाट आली की छातीला वारा लागत नाही. म्हणून तर तो मी तुझ्या बॅगेत घातला होता, आणि वजन वाढते म्हणून तू तो काढून ठेवलास.

गळ्याची राखाडी पट्टी तू कधी नीट पाहिली नसशील. सुलट दोन, उलट दोन अशी ती विणली आहे. ओढली की ताणते, सोडली की जागेवर येते. ती लोकर आबांच्या मफलरची आहे. मातीतून निघालेला तो मफलर आजींनी उसवला, याचा सुलूआत्याला अजून राग आहे. ट्रंकेत ठेवला असता तर कसर लागली असती, पोराच्या गळ्याशी तरी राहील, एवढेच आजी म्हणत.

डावी बाही मात्र माझी. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तुझे बाबा पेटता हेंडगा घेऊन शेताभोवती धावले आणि बाही कोपरापर्यंत करपली. आजींनी कोपराच्या वर टाके सुईवर उचलून दिले आणि खाली मला विणायला बसवले. माझा हात सैल. ओळ संपली की त्या बोट फिरवून पाहत आणि नुसते ‘हं’ म्हणत. उसव असे एकदाही म्हणाल्या नाहीत. दोन्ही बाह्या शेजारी धरून डोळे मिटून बोटांनी चाचपून पाहा, आजी कुठली आणि मी कुठली ते तुला लगेच कळेल.

तिकडच्या थंडीत बाहेर पडताना गळा झाकत जा, तोंडाने श्वास घेऊ नकोस, पंप खोलीत विसरून जाऊ नकोस. तुझा बाळदमा गेला असे डॉक्टर म्हणाले होते, पण परभणीला मामांच्या घरी ती एक रात्र मी तुला मांडीवर उभी धरून काढली आहे, ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बघ, पुन्हा तेच लिहीत बसले. तुला हे ऐकून कंटाळा येतो हे मला समजते, रागावू नकोस. प्रयोगशाळेतला तुझा फोटो बाबा बँकेत भेटेल त्याला दाखवतात, मी आपली तुझ्या अंगात त्यात काय आहे एवढेच पाहते. पातळ सुती सदरा होता.

स्वेटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहाशे ग्रॅम भरला. कडुलिंबाची पाने झटकून, उन्हात घालून आज पार्सलात बांधला आहे. बाह्या आखूड होत असतील तर खांद्यापासून मनगटापर्यंतचे माप कळव. विटकरी लोकरीचा एक गुंडा अजून शिल्लक आहे. आणि डॉक्टरांनी छाती तपासून काय सांगितले तेही लिही. रात्री झोपेत उबळ येते का, हे तुझ्या खोलीतल्या मुलीला विचारून लिही. तू स्वतः काही नाही म्हणशील.

तुझी,
आई