ट्यूबवर नाव कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्वचेच्या ‘रिजनरेटिव्ह’ उपचारांची तुलना वाचली. पीआरपी (आपल्याच रक्तातला, प्लेटलेट एकवटलेला प्लाझ्मा टोचणे), पॉलिन्यूक्लिओटाइड (यालाच ‘सॅल्मन डीएनए’ म्हणतात) आणि एक्झोसोम असे तीन रकाने, खाली दर आणि सिटिंगची संख्या. मी ३१ वर्षे पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढले, सेंट्रिफ्यूजवर फिरवले. त्या तक्त्यात जे नव्हते ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

जूनमध्ये भाचीबरोबर कोथरूडमधल्या एका क्लिनिकमध्ये गेले होते. तिच्या गालांवर मुरुमांचे खड्डे राहिले आहेत आणि मार्गशीर्षात लग्न आहे. “मावशी, तू चल, रक्तातलं तुला कळतं,” म्हणाली. डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटली. तिने कार्ड पुढे ठेवले: सिल्व्हर म्हणजे पीआरपी, गोल्ड म्हणजे सॅल्मन डीएनए, प्लॅटिनम म्हणजे एक्झोसोम. महाग ते जास्त गुणाचे, असाच कोणाचाही समज व्हावा.

भाचीने पीआरपी निवडले. रक्त काढून ट्यूब मशीनमध्ये ठेवली, तर आत आधीच दुसऱ्या कोणाची तरी ट्यूब होती. दोन्हींवर नाव नाही, नंबर नाही. माझ्या अंगावर काटा आला. रक्त काढल्याबरोबर, रुग्णाच्या डोळ्यांसमोर ट्यूबवर नाव लिहायचे, हे लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. लॅबमध्ये अदलाबदल झाली तर निदान तपासणी पुन्हा करता येते. इथे ते रक्त सुईने कोणाच्या तरी चेहऱ्यात जाणार होते! अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये ‘व्हॅम्पायर फेशियल’, म्हणजे पीआरपी आणि मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे), करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या सीडीसीने (रोग नियंत्रणाच्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये जाहीर केले. तिथे सुया आणि रक्त हाताळण्यात हयगय झाली होती.

शिवाय ट्यूब एकदाच जोरात फिरवून त्यांनी अगदी वरचा पिवळा प्लाझ्मा सिरिंजमध्ये ओढला. इतके जोरात फिरवले की प्लेटलेट खाली, लाल पेशींवरच्या पांढुरक्या थरापाशी बसतात. वर जे राहते त्यात प्लेटलेट जवळजवळ नसतातच. म्हणून आधी हळू आणि मग जोरात, असे दोनदा फिरवण्याची पद्धत आहे. आम्ही तिथून उठून आलो. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

‘प्लॅटिनम’ची बाटलीही मी मागून पाहिली होती. लेबलवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असे छापलेले, आणि काउन्सेलर इंजेक्शन देऊ म्हणत होती. एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. संशोधन जोरात चालू आहे हे खरे. पण अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) २०१९ च्या डिसेंबरमध्ये या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला आणि एकालाही मंजुरी दिलेली नाही. सॅल्मन डीएनए माशाच्या शुक्राणूंपासून काढतात. इटलीत ते जखमा भरण्यासाठी वापरात आहे. मात्र मासे सोसत नाहीत का, हे भाचीला कोणी विचारले नाही.

नंतर एका धर्मादाय रुग्णालयाच्या ओपीडीत त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिचा गाल बोटांनी ताणून पाहिला. खोल, टोकदार खड्ड्यांना यातले काहीच फारसे उपयोगी नाही, तिथे टीसीए हे आम्ल टिपून लावावे लागते. पसरट खड्ड्यांना सबसिजन, म्हणजे कातडीखालचे ओढून धरणारे धागे सुईने सोडवणे, असे त्या म्हणाल्या. त्वचेला भरीव ठेवणारे कोलॅजन बनायला महिने लागतात. आपल्या सावळ्या त्वचेवर टोचल्यानंतर काळे डाग राहू शकतात, म्हणून लग्नाच्या तोंडावर काहीच करू नका. आजपासून सनस्क्रीन तेवढे लावा.

पुढची तुलना छापताना चार रकाने वाढवा, ही कळकळीची विनंती: सुई कोण टोचणार आणि त्याचे शिक्षण काय, बाटलीत काय आणि कोणाचे, बाटलीचे बॅच नंबरचे स्टिकर बिलावर लावून देणार का, आणि ट्यूबवर नाव माझ्यासमोर लिहिणार का.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, कर्वेनगर, पुणे