रेडिएटर बदलला, पण खरी गोम झाकणात

संपादक साहेब, स.न.वि.वि.

उन्हाळ्यात वरंध घाटात दरवेळी एकतरी गाडी बॉनेट उघडून उभी दिसते आणि मालक बिसलेरीची बाटली घेऊन तापलेल्या रेडिएटरच्या (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) झाकणाशी झटापट करत असतो, अहो गरम असताना ते उघडू नका, हात भाजून निघेल. माझ्या जुन्या डिझेल जीपचंही तेच व्हायचं. चिखलात लो गिअरमध्ये गाडी चालवली की स्पीड नसतो, समोरून वारा येत नाही, मग सगळा भार पंख्यावर. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, वर म्हणाला आता टेन्शन नाही! इंजिन थंडच राहायला लागलं, ॲव्हरेज पडलं, धूर वाढला, आणि चढावर तापमानाचा काटा तरी वर जायचा तो जायचाच.

मग रेडिएटरला तीन रो चा (नळ्यांच्या तीन रांगांचा) तांब्या-पितळेचा कोअर बसवला (ॲल्युमिनियम हलका असतो, मान्य, पण तांब्याला आपल्याकडे कुठेही डाग देऊन मिळतो), पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड (वारा जाळीतूनच ओढला जावा म्हणून कडं) केलं, थर्मोस्टॅट परत लावला. तरी पाणी बाहेर! शेवटी सापडलं काय, तर झाकणाचं रबर चिरलेलं. झाकण आत दाब धरून ठेवतं; ०.९ बार दाबाचं झाकण धड असेल तर साधं पाणीही १०० ऐवजी ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, कूलंट तर त्याच्याही वर. त्यामुळे नव्या रेडिएटरवर हजारो घालण्याआधी झाकण बघा, आणि जाळीतला वाळका चिखल मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

- एक जीपवाला, महाड