त्या न प्यायलेल्या चहाबद्दल, ताई

ताई,

परवा फोनवर नीट बोलताच आलं नाही, घसा दाटून आला आणि मी "हो हो, मजेत आहे चिकू" म्हणून फोन ठेवून दिला. म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

इंदौरमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको, सकाळी कचरा गाडी गाणं लावून येते, रोज, न चुकता. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! पण आमच्या कुत्र्याला, चिकूला, ते गाणं गल्लीच्या टोकाला ऐकू आलं की त्याचं भानच सुटायचं, गेटवर उड्या, तोंडाला फेस, आणि एक दिवस त्याने गाडीवरच्या दादांची पँटच धरली. दात लागले नाहीत, पण ते दादा किती घाबरले होते ते मी विसरू शकत नाही.

मग आम्ही एका ट्रेनरला बोलावलं, खूप नाव ऐकलं होतं. तो म्हणाला कुत्रा डोक्यावर बसलाय, तुम्ही अल्फा बना, म्हणजे कळपाचा म्होरक्या. चोक चेनचे, म्हणजे गळा आवळणाऱ्या साखळीचे झटके, गुरगुरला की उताणा पाडून दाबून ठेवायचं. माझ्या डोळ्यांदेखत झालं हे सगळं आणि मी पैसे देऊन करू दिलं, याचं दुःख अजून जात नाही. दहा दिवसांत चिकूचं गुरगुरणं बंद झालं, आम्हाला वाटलं सुधारला. आणि मग एका संध्याकाळी यांनी पट्टा घालायला हात पुढे केला तर काही आवाज नाही, इशारा नाही, सरळ कडकडून चावला. तीन टाके. ट्रेनर म्हणाला हा कामातून गेला, सोडून या कुठेतरी. अडीच वर्षांचा जीव!

मग चिकूला बघायला तुम्ही आलात तेव्हा पहिल्यांदा यांच्या हाताकडे बघून "फार दुखलं असेल ना" म्हणालात. मग चिकू कुठेय विचारलंत, तो दिवाणाखाली होता, तर तुम्ही त्याच्याकडे पाठ करून फरशीवरच बसलात. हाक नाही, चुचकारणं नाही, फक्त एक हात फरशीवर उघडा ठेवलेला आणि त्याच्याजवळ पनीरचे चार तुकडे. मी चहा आणून ठेवला. चाळीस मिनिटं गेली असतील, चहावर साय धरली, तुम्ही कप उचलला नाहीत, कारण हात हलला की तो मागे सरकत होता. मग तो आला, तुकडे खाल्ले आणि तुमच्या तळहाताला नाक लावून गेला. तुम्ही तरीसुद्धा त्याला हात लावला नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, ते तुम्हाला आज सांगतेय.

गुरगुरणं म्हणजे तो आपल्याला सांगत असतो की मला भीती वाटतेय, लांब राहा, आणि शिक्षेने भीती जात नाही, सांगणं तेवढं बंद होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ते तीन टाके मला कळले. यांनी अल्फाचं विचारलं तर तुम्ही चिडला नाहीत. ती कल्पना १९४७ च्या सुमाराला पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांना बघून आली, आणि लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती लोकांत पसरली त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. हे ऐकल्यापासून यांनी चिकूवर आवाज चढवलेला नाही.

बाकी सगळं लिहीत बसत नाही. मोबाइलवर तेच गाणं अगदी हळू आवाजात, आधी गाणं मग पनीर, कधीही उलटं नाही, आणि तो शांत बघतो त्याच क्षणी "वा!" म्हणायचं. ही "वा" सासूबाईंसारखी कोणालाच जमत नाही, गाणं शिकलेल्या आहेत, सम चुकत नाही त्यांची. चार महिने लागले.

आणि ताई, एवढ्या काळात त्या आधीच्या माणसाबद्दल तुमच्या तोंडून एक वाईट शब्द निघाला नाही. गाडीवरच्या दादांना मात्र तुम्ही स्वतः भेटलात, आधी माफी मागितलीत, मग गेटपासून लांब उभं राहायची विनंती केलीत. कुत्र्याशी चांगलं वागणारे खूप बघितलेत, पण कुत्र्याशी, त्याच्या मालकाशी आणि कचरा उचलणाऱ्याशी एकाच मायेने बोलणारं माणूस मला तरी दुसरं भेटलेलं नाही. माझ्या मुलीने तुमच्यासारखं व्हावं असं मला वाटतं.

आता गाणं सुरू झालं की चिकू गेटवरून धावत आत येतो आणि फ्रिजसमोर बसून सासूबाईंकडे बघतो. गाडी अगदी दाराशी थांबली तर अजून दोन-चारदा भुंकतो, तर दादा लांबूनच "क्या हाल है चिकू भिया" म्हणतात.

गणपतीत नक्की या. चहा पुन्हा करीन. आता कप उचलला तरी तो उठून जात नाही.

तुमची,
चिकूची आई