द्राक्षाच्या पानातला आरएनए आणि शनिवारची बैठक : मॅडमना जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही जे दिलंत, म्हणजे शनिवारची बैठक आणि पानातून आरएनए (जनुकांवरून पेशीत तयार होणारा रेणू) काढायच्या युक्त्या, ते एका प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. कॉलेज रोडपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत ज्यांचं ज्यांचं आरएनएशी काम पडतं, त्या सगळ्यांच्या ते उपयोगी आहे. पुढच्या वर्षी एमएस्सीला येणाऱ्या मुलांनाही ते वाचायला मिळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

आरएनए सोसायटी ही आरएनएवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था 1993 साली स्थापन झाली, म्हणजे विखंडित (तुकड्यांत विभागलेल्या) जनुकांच्या शोधासाठी रॉबर्ट्स आणि शार्प यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी. 1995 पासून सोसायटीचं ‘आरएनए’ हे नियतकालिक निघतं. एवढं कोणीही वाचून सांगेल. तुम्ही सांगितल्या त्या तिथल्या सवयी. वार्षिक अधिवेशनातली बहुतेक भाषणं आलेल्या सारांशांतून निवडली जातात. त्यामुळे पीएचडी करणारी मुलगी मंचावर असते आणि नावाजलेले प्राध्यापक खाली बसून तिला प्रश्न विचारतात. क्योटो, क्राकोव्ह, सिंगापूर, एडिनबरा असं गाव बदलत राहतं, ही रीत बदलत नाही. शिवाय अधिवेशनाबाहेर सोसायटीच्या आधाराने गावोगावी छोट्या ‘आरएनए सलॉन’ बैठका भरतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

त्याच धर्तीवर नाशिकची बैठक तुम्ही बसवून दिलीत. महिन्यातला एक शनिवार, दुपारी चार ते सहा. सटाणा-येवल्याची मुलं त्यानंतर एसटी पकडू शकतात. बोलायला वीस मिनिटं, प्रश्नांना वीस मिनिटं, आणि पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचेच. हा शेवटचा नियम नसता तर सगळी वीस मिनिटं सरांनीच घेतली असती. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय यांना तुम्ही सरळ काट मारलीत. आपल्याकडे कार्यक्रमाचा पहिला पाऊण तास त्यातच जातो, हे बोलायला कोणीतरी हवंच होतं. अप्रकाशित माहिती दाखवली जाते, म्हणून विचारल्याशिवाय स्लाइडचा फोटो काढायचा नाही. मिसळ आपापल्या खर्चाने.

या बैठकीतला ‘फसलेल्या जेलचा अर्धा तास’ आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो. जेल म्हणजे आरएनए शाबूत आहे का ते पट्ट्यांतून दाखवणारी चाचणी. फसलेल्या जेलचा फोटो आणायचा आणि सोबत चार गोष्टी लिहून आणायच्या: नमुन्याचं वजन, तो गोठवेपर्यंत गेलेला वेळ, 260/280 आणि 260/230 ही शुद्धता दाखवणारी दोन गुणोत्तरं, आणि जेलमध्ये किती आरएनए भरला. या चार गोष्टी नसतील तर चर्चा नाही. बहुतेक वेळा दोष या आकड्यांतच सापडतो.

आता द्राक्षाकडे येऊ, कारण नाशिकमध्ये आरएनए म्हटलं की निम्मं काम द्राक्षाच्या पानावर चालतं. ट्रायझॉल या तयार द्रावणाने आरएनए काढायची नेहमीची पद्धत इथे दगा देते. पानात पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं) आणि पॉलिसॅकराइड (लांब साखळीच्या शर्करा) भरपूर असतात. पॉलिफेनॉलचं ऑक्सिडेशन झालं की ती आरएनएला चिकटतात आणि अर्क तपकिरी होतो. आरएनए खाली बसवायला आयसोप्रोपेनॉल घातलं की पॉलिसॅकराइडही खाली बसतात आणि तळाशी विरघळता न विरघळणारी चिकट जेली उरते. तुम्ही लिहून दिलेली पद्धत अशी:

शेंड्याची दोन-तीन कोवळी, नुकती उघडलेली पानं फवारणीच्या आधी घ्यावीत आणि बागेतच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावीत. 100 मिलिग्रॅम पानाला 1 मिली सीटॅब बफर, 65 अंशांना तापवलेलं: सीटॅब (पेशी फोडणारं डिटर्जंट) 2 टक्के, पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारं) 2 टक्के, मीठ 2 मोलर, ईडीटीए 25 मिलिमोलर, ट्रिस 100 मिलिमोलर. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल 2 टक्के, पण ते आयत्या वेळी, आणि फ्यूम हूडमध्येच. पानाची पूड वितळण्याआधी बफरमध्ये जायला हवी. खलात ओलसर दिसली तर तो नमुना गेला. 65 अंशांवर दहा मिनिटं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (24:1) दोनदा. वरच्या थराच्या एक चतुर्थांश आकारमानाइतकं 10 मोलर लिथियम क्लोराइड घालून रात्रभर 4 अंशांवर. त्यात आरएनए खाली बसतो; डीएनए आणि पॉलिसॅकराइड बरेचसे वरच राहतात. घाई करून एका तासात सेंट्रिफ्यूज केलं तर हाती फारसं काही लागत नाही.

डीईपीसीबद्दलची (पाण्यातली आरएनए तोडणारी विकरं निकामी करणारं रसायन) तुमची ताकीद आता भिंतीवर लावली आहे. लिटरभर पाण्याला 1 मिली, 37 अंशांवर बारा तास, मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत तापवणं). ट्रिसमध्ये डीईपीसी घालायचं नाही, कारण ट्रिसच्या अमिनो गटाशीच त्याची अभिक्रिया होऊन ते संपतं. आधी पाणी तयार करायचं, मग त्यात ट्रिस. आणि नुसत्या ऑटोक्लेव्हवर विसंबायचं नाही. आरएनेझ ए या आरएनए तोडणाऱ्या विकरात चार डायसल्फाइड बंध असतात, ते उकळून निघालं तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं. खलबत्ता फॉइलमध्ये गुंडाळून 180 अंशांवर रात्रभर भाजलेला बरा.

जेलचा तुमचा स्वस्त उपाय तर प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयाने उचलावा. 50 मिली टीएई (जेलचं नेहमीचं बफर), अर्धा ग्रॅम अगारोज आणि अर्धा मिली घरगुती ब्लीच. पाच मिनिटं ठेवून मग वितळवायचं. ब्लीच आरएनेझ मारतं, फॉर्मल्डिहाइड लागत नाही. बाटलीवरची हायपोक्लोराइटची टक्केवारी मात्र पाहायची: हे प्रमाण 6 टक्क्यांच्या ब्लीचसाठी आहे, आणि ते वाढलं तर आरएनएच खराब होतो. पानाच्या आरएनएमध्ये 25एस आणि 18एस या रायबोसोमच्या दोन मुख्य पट्ट्यांखाली हरितलवकाचे जादा पट्टे दिसतात, मुलं ते पाहून ‘तुटला’ म्हणतात. खरोखर तुटलेला असेल तर 25एस फिका पडतो आणि खाली धूसर शेपटी येते.

उणे 80चा फ्रीजर सगळ्यांकडे नाही, भारनियमन सगळ्यांकडे आहे. आरएनएचा गोळा 75 टक्के इथेनॉलमध्ये बुडवून उणे 20 वर ठेवा, या तुमच्या एका वाक्याने बऱ्याच जणांचे नमुने वाचतात.

अधिवेशनाला पाठवायच्या सारांशाबद्दल थोडक्यात: ‘निष्कर्षांवर चर्चा केली जाईल’ हे वाक्य तुम्ही सरसकट खोडता, ते योग्यच आहे. काय दिसलं, किती पट, किती नमुन्यांत, एवढं लिहिलं की निवड करणाऱ्याला काहीतरी हाती लागतं. प्रवास अनुदान आणि व्हिसाच्या पत्राची तारीख नोंदणीच्या तारखेआधी पाहायची, हेही बऱ्याच मार्गदर्शकांना माहीत नसतं.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर नवी फूट निघेल तेव्हा केवडा या द्राक्षावरच्या रोगाच्या नमुन्यांवर क्यूपीसीआर (कोणतं जनुक किती चालतं ते मोजणारी चाचणी) सुरू होईल. एकट्या अ‍ॅक्टिनवर विसंबू नका, निदान तीन संदर्भ जनुकं (ज्यांच्याशी तुलना करायची ती स्थिर चालणारी जनुकं) तपासा, असं तुम्ही म्हणाला होतात. रोगट पानात त्यातली कोणती स्थिर राहतात, हा नोव्हेंबरच्या बैठकीचा विषय ठेवला आहे. पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचे, तिसरा तुमचा.

आपले,
नाशिकचे आरएनएवर काम करणारे शिक्षक आणि विद्यार्थी